बघ्याची पकड

माझा भाचा निमिष काय काम करतो, हे विचारणारा माणूस आठवड्यातून एकदा तरी भेटतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. मला सांगता येत नाही असं नाही. मला येतं. ऐकणाऱ्याला ऐकायचं नसतं. "कॉम्प्युटरचं करतो" एवढं कानावर पडलं की समोरचा म्हणणार, मग आमचा प्रिंटर बघेल का? आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत निमिषनं आजवर जेवढे प्रिंटर बघितलेत, तेवढे प्रिंटर दुरुस्त करणाऱ्यानंही बघितले नसतील. गडी भिडस्त. जातो, झाकण उघडतो, अडकलेला कागद काढतो, चहा पितो आणि येतो. नाही म्हणायची सोय असते हे त्याला कुणी शिकवलंच नाही. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तर मुळीच नाही.

लहानपणापासून हे असंच. पंगतीत वाढपी त्याच्या पानाला मीठ वाढायचं विसरला तर हा मागणार नाही, अळणी भाजी खाऊन उठणार. कॅरमला बसला तर दोन्ही बाजूच्यांना विचारणार, तुझा डाव आहे का, तुझा आहे का, आणि स्वतःचा डाव येईपर्यंत सगळे जेवायला उठलेले असणार. भावजी लवकर गेले, घरात आई आणि मुलगा दोघंच. दोघंही एकमेकांना सांभाळून वागणारी. त्यामुळं घरात भांडण असं कधी झालं नाही, आणि निर्णय असाही कधी झाला नाही.

विश्रामबागेतच इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली, आणि तिथं त्याला ही भाषा सापडली. आता नीट ऐका, मी एकदाच सांगणार आहे. माणूस ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो ती यंत्राला कळत नाही. ती यंत्राच्या बोलीत उतरवणारा आणखी एक प्रोग्राम असतो, त्याला म्हणायचं कंपायलर. अशा भाषा जगात ढिगानं आहेत. निमिषची भाषा गणिताच्या वळणाची. सगळं फंक्शनमध्ये मांडायचं, आणि एकदा ठरलेली किंमत पुन्हा बदलायची नाही. तिची एक खोड अशी, की कुणी उत्तर मागितल्याशिवाय ती काम करत नाही. मोठी बेरीज सांगा, ती म्हणणार, ठेवते बाजूला, कुणाला लागली की करू. कुणाला लागलीच नाही तर राहिली. हे ऐकल्यावर मी त्याला विचारलं होतं, ही भाषा तुझ्यावरून काढलीय का रं? तो हसला. त्याला राग येत नाही, हीच त्याची मोठी अडचण.

त्या भाषेतली एक बारकी चूक त्यानं दुरुस्त करून पाठवली. जगात इकडंतिकडं बसलेल्या अनोळखी लोकांनी ती तपासली, शाबासकी दिली, आणखी पाठव म्हणाले. असं करत करत एका परदेशी कंपनीनं त्याला त्याच कामावर ठेवलं. काम करायचं कुठूनही. तो सांगलीला आला. आक्कानं विचारलं, नोकरी कायमची आहे ना? तो म्हणाला, बघू.

घरी बसून काम केलं की घरच्यांना आणि शेजाऱ्यांना वाटतं, मोकळाच आहे. म्हणून मी त्याला कुपवाडला माझ्या वर्कशॉपच्या माडीवरची खोली दिली. माझं टर्निंगचं काम आहे, लेथ आहेत, खाली दिवसभर लोखंडाची किरकिर. त्याचा त्याला त्रास झाला नाही. उलट खाली उतरून तो तासन्‌तास आमचं काम बघायचा, आणि त्याचं काम मला समजलं ते त्यामुळंच.

त्याचं काम कंपायलरमध्येही अगदी तळाचं. प्रोग्राम चालू झाला की खाली बसून सगळा कारभार बघणारा एक भाग असतो, रनटाइम. समजा माझ्याकडं लेथ चार आणि कामं हजार. मग काय करायचं? एक काम चढवायचं, थोडं चालवायचं, उतरवायचं, दुसरं चढवायचं. ज्या कामाला माल यायचाय ते लेथ अडवून ठेवणार नाही, ते रॅकवर. माल आला की पुन्हा रांगेत. या कामांना ते लोक धागे म्हणतात. आणि मधून मधून झाडलोट. सगळं क्षणभर थांबवायचं आणि बघायचं, कुठली वस्तू अजून कुणाच्या तरी हातात आहे. जिला कुणीच धरलेलं नाही ती भंगारात. आमच्याकडं फोरमन सिकंदर हे सगळं ओरडून करतो, तिकडं ते गुपचूप होतं.

आता निमिषची खासियत. रॅकवर पडलेलं एक काम दुसऱ्याची वाट बघतंय, आणि ते दुसरं नेमकं पहिल्याची वाट बघतंय. दोघंही सभ्य. दोघंही गप्प. असं झालं तर काय? झाडलोटीच्या वेळी रनटाइमच्या लक्षात येतं, की या दोघांना सोडवू शकेल असं चालू कामांपैकी कुणाच्याच हातात काही नाही. मग तो त्या दोघांना उठवतो आणि तोंडावर सांगतो, बाबांनो, कुणी येणार नाही. पुढं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. हा भाग आता जगात निमिषइतका कुणाला माहीत नाही, असं त्याचे ते परदेशातले लोक म्हणतात. म्हणजे सांगलीचा एक मुलगा साऱ्या दुनियेतल्या ताटकळलेल्यांना जाऊन सांगतो, की उठा, कुणी येणार नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

कारण याच मुलाचं लग्न झालं आणि बायको माहेरी जाऊन बसली.

बसली म्हणजे रुसून नव्हे, तेवढं आधी स्पष्ट करतो. मुलगी तिकडच्या दुष्काळी जतची, नाव अपूर्वा. जनावरांची डॉक्टर. लग्नाआधी दुचाकीला औषधाची पेटी बांधून कळपाकळपातून हिंडायची. स्थळ आणलं आक्काच्या शेजारच्या चारुशीलाकाकूंनी. वैशाखात लग्न झालं, मी मुलाचा मामा म्हणून पाठीशी उभा राहिलो, सगळं रीतीनं. विश्रामबागेत आल्यावर मात्र त्या मुलीच्या वाट्याला कुत्री आली. मालकांसोबत एसी गाडीतून येणारी. एकाला वाढदिवसाचा केक बाधला होता, त्यावर तिनं अर्धा दिवस घातला. बाकी वेळ सोफ्यावर. आक्का तिला काम करू द्यायची नाही, नवी नवरी म्हणून.

पुढं आषाढ आला. आमच्याकडं आखाड म्हणतात. नव्या सुनेनं पहिल्या आखाडात सासूचं तोंड बघायचं नाही, माहेरी जायचं. तिचे वडील नाथाजीराव स्वतः येऊन तिला घेऊन गेले, आक्कानं ओटी भरली. महिन्याची तर गोष्ट.

महिना संपला. आता घोडं अडलं ते असं. आमच्या घरात रीत अशी, की आखाड पाळून झाला की माहेरचे लोक शिदोरी घेऊन लेकीला आणून सोडतात. माझ्या आईला तसंच सोडलं, आक्काला तसंच सोडलं. त्यांच्या घरात रीत अशी, की सासरचं वडीलधारं माणूस न्यायला येतं. आपणहून लेक नेऊन सोडली तर लोक म्हणणार, घरात खायला महाग झाली होती काय. दोन्ही रीती जुन्या, दोन्ही चांगल्या. लग्न ठरवताना साखरपुड्याला किती माणसं, वरातीला बँड कुठला, सगळं बोलणं झालं होतं. आखाडानंतर कुणी हलायचं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

न्यायला जायचं तर वडीलधारं माणूस म्हणून मीच. मी तयार होतो, गाडीत तेल भरून तयार होतो. पण त्यांनी एकदा 'या' म्हणायला नको? न बोलावता जाऊन दारात उभं राहायचं, हे आमच्या घराण्यात बसत नाही. मी आक्काला तसं सांगितलं. तीही म्हणाली, घाई कशाला, ते आणून सोडतील.

या सगळ्यात चारुशीलाकाकू. लग्न जमवलं ते त्यांनीच, त्यामुळं जबाबदारी त्यांचीच असं त्यांचं मत. बाई मनानं चांगली. रोज संध्याकाळी आक्काकडं येऊन सांगायची, माझं बोलणं झालंय, येतील, धीर धरा. आणि घरी जाऊन जतला फोन लावायची. तिथंही तेच. माझं बोलणं झालंय, येतील, धीर धरा. कुणाशी काय बोलणं झालं, हे दोन्हीकडं कुणी विचारलं नाही. बोलणं झालंय म्हटल्यावर विचारायचं काय?

आता तुम्ही म्हणाल, मुलगा-मुलगी शिकलेली, हातात फोन, ती दोघं बोलत नव्हती का? बोलत होती की. रोज. मी माडीवर गेलो की ऐकू यायचं. जेवलीस का, पाऊस आहे का, आज काय केलंस. फक्त कधी येतेस, एवढंच नाही. मी एकदा चिडून विचारलं, का विचारत नाहीस? तर म्हणाला, तो मोठ्यांचा विषय आहे मामा, तिला वाटेल मी तिच्या वडिलांना डावलतोय. ती वाट बघत असेल, तिला अजून त्रास कशाला. मी खाली येऊन सिकंदरवर ओरडलो.

नागपंचमी गेली, गौरी गेल्या. पहिल्या गौरीला सून नाही म्हणून आक्का हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगत बसली, की तिच्याकडं पाऊस फार आहे. जतला. पाऊस. बायकांनी मान डोलावली. दिवाळी आली. पहिला दिवाळसण, जावयाला सासुरवाडीचं बोलावणं यायला पाहिजे. तिकडं त्यांचं म्हणणं, लेकीला न्यायलाच आले नाहीत तर जावयाला बोलवायचं कुठल्या तोंडानं. इकडं आमचं म्हणणं, बघा, दिवाळसणाचंसुद्धा बोलावणं नाही. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. आक्का बारीक झाली. रात्रीचं जेवण कमी केलं, देवापुढं जास्त वेळ बसायला लागली. मला एकदा हळूच म्हणाली, मुलाचा संसार मोडतोय का रं वीरधवल? मी म्हणालो, खुळी आहेस का. पण त्या दिवशी मीही भाकरी अर्धी ठेवून उठलो.

याच दिवसांत निमिषकडं एक तक्रार आली होती. लांब कुठल्या देशातल्या कुणाचा तरी प्रोग्राम चालता चालता गप्प व्हायचा. पडायचा नाही, चूक दाखवायचा नाही, कुरकुर करायचा नाही. नुसता बसायचा. निमिषनं बघितलं तर आत दोन धागे एकमेकांची वाट बघत होते. रनटाइमनं त्यांना उठवून सांगायला पाहिजे होतं, कुणी येणार नाही म्हणून. तो सांगत नव्हता. झाडलोट व्हायची, रनटाइम या दोघांपाशी यायचा, बघायचा आणि पुढं जायचा. का, ते कळेना. निमिषनं त्याचा ध्यास घेतला. दिवाळीत सुट्टी घेतली नाही. मला वाटतं घरापेक्षा त्याला माडी बरी वाटत होती.

संक्रांत जवळ आली. पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालायचे असतात. आक्कानं मंगळसूत्र, बांगड्या, बिंदी, सगळं हलव्याचं करून घेतलं, डब्यात घालून कपाटात ठेवलं. रोज एकदा उघडून बघायची, मुंग्या लागल्या का म्हणून. चारुशीलाकाकू म्हणाल्या, संक्रांतीला नक्की.

संक्रांतही गेली. त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दुपारी निमिष माडीवरून धडधडत खाली आला. मी डबा खात होतो. म्हणाला, सापडलं. मी म्हणालो, बस, भाकरी खा आणि सांग.

त्यानं माझ्या पुढ्यातले तीन नट उचलले. दोन समोरासमोर ठेवले, तिसरा बाजूला. हे दोघे एकमेकांची वाट बघतायत. आणि हा तिसरा. या तिसऱ्याचं काम काय, तर नुसतं लक्ष ठेवायचं. दोघांचं ठीक चाललंय ना, हे बघायचं आणि वर कळवायचं. तो या दोघांना काही देत नाही, देणारही नाही. पण लक्ष ठेवायला म्हणून त्यानं दोघांचीही टोकं धरून ठेवलीत. झाडलोटीच्या वेळी रनटाइम म्हणतो, अरे, हा तिसरा जागा आहे, टोक त्याच्या हातात आहे, म्हणजे कधी ना कधी तो यांना सोडवेल. म्हणून तो दोघांना काही सांगत नाही.

"तिसरा नसता तर?" मी विचारलं.

"तर पहिल्याच झाडलोटीत कळलं असतं, मामा. आशा सुटली असती आणि मोकळे झाले असते."

मग उपाय काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, सोपा आहे. नुसतं बघणाऱ्याची पकड मोजायचीच नाही. त्याला बघू दे, पण तो धरून आहे म्हणून कुणी थांबायचं नाही. मला पटलं. मी म्हणालो, बरोबर आहे, अशा मध्यस्थांनीच दुनियेचं वाटोळं केलंय.

निमिष नटांकडं बघत बसला. भाकरी हातात तशीच. मग म्हणाला, "मामा, चारुशीलाकाकू जतला फोन करतात का?"

करतात की, मी म्हणालो, रोज करतात, त्यांच्यामुळं तर सगळं टिकून आहे. त्यानं भाकरी डब्यात ठेवली, हात धुतले आणि म्हणाला, मी जतला चाललोय. आत्ता? आत्ता. साडी? ओटीचं सामान? वडीलधारं माणूस? काही नको म्हणाला. मी तुमच्यासारखा तिऱ्हाईत असतो तर मीही म्हटलं असतं, जाऊ दे त्याला. पण मी मामा आहे. मी म्हणालो, मोटारसायकलवरनं एवढ्या लांब जायचं नाही, गाडी मी चालवतो. पण मी न्यायला आलो असं कुणी समजायचं नाही. मी ड्रायव्हर म्हणून येतोय. आक्काला मात्र फोन करून सांगितलं, की सुनेला आणायला निघालोय. लवकर या म्हणाली, मी स्वयंपाकाला लागते.

मिरज ओलांडलं, कवठेमहांकाळ ओलांडलं. हिरवं संपत गेलं, बाभळी आल्या, ज्वारीची रानं आली, पाण्याचे टँकर आले. निमिष एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही, ड्रायव्हर कुठं बोलतो?

नाथाजीरावांचं घर जतच्या कडेला, पुढं पशुखाद्याचं दुकान. निमिष उतरून आत गेला. मी गाडीतच बसलो. बोलावल्याशिवाय आत जाणार नव्हतो, आणि गाडीची काचही वर केली. थोड्या वेळानं नाथाजीराव बाहेर आले, काचेवर टकटक केलं.

"आवं पाव्हणं, आत या की. उनात काय बसलायसा?"

मी म्हणालो, बोलावलं असतं तर आखाड सरल्याबरोबर आलो असतो. ते म्हणाले, लेकीच्या सासरच्यास्नी बोलवायचं आसतंय व्हय? घर तुमचंच हाय. आमी रोज वाट बगतोय, आज येतील, उद्या येतील. चारुशीलाबाईंनी तर सांगितलं, पाव्हणं गाडीत तेल भरून तयार हाईत. मी म्हणालो, तयार होतोच. त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं. मी आत गेलो.

अपूर्वा घरात नव्हती. मेंढपाळांच्या एका वाड्यावर मेंढरांना लस टोचायला गेली होती. ती आली तेव्हा ओढणी डोक्याला बांधलेली, सँडलला लेंड्या, हातात बर्फाची पेटी. काळी झाली होती, आणि खरं सांगतो, विश्रामबागेत होती त्यापेक्षा चांगली दिसत होती. निमिषला बघून पेटी खाली ठेवली. तिची आई कुंकवाचा करंडा शोधायला आत पळाली.

निमिष उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला कुणी न सांगता उभं राहून बोलताना बघत होतो. म्हणाला, आमच्याकडून कुणी न्यायला येणार नाही. तुमच्याकडून कुणी सोडायला येणार नाही. कुणी येणार नाही, एवढं सांगायला मी आलोय. तिच्या आईला वाटलं हा सोडचिठ्ठीचं बोलतोय. ती दारातच मटकन बसली आणि पदर तोंडाला लावला. नाथाजीरावांचा चेहरा उतरला. मीही घाबरलो, रनटाइमची भाषा ही काय माणसांत बोलायची असते?

अपूर्वा मात्र शांत. वडीलधाऱ्यांपुढं ती निमिषला नेहमी अहो म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

"मी वाट बघत नव्हते, निमिष."

तो गडबडला. म्हणाला, आपण रोज बोलत होतो.

"तू रोज विचारायचास, जेवलीस का. मी जेवलेली असायचे, म्हणून हो म्हणायचे." मग म्हणाली, "गौरीपर्यंत बघितली वाट. रोज बॅग भरायचे. मग मेंढरांत रोग आला, लोक दारात यायला लागले, आणि राहून गेलं. तुझ्यापासून लपवलं नाही मी. तू विचारलं नाहीस."

निमिष हळूहळू खाली बसला. एवढे महिने दोन धागे अडकलेत असं त्यानं धरलं होतं, आणि अडकलेला एकच निघाला. त्यानं विचारलं, म्हणजे तू येणार नाहीस? ती म्हणाली, सांगलीला नाही. भांडण कुणाशी नाही, आईंशी तर मुळीच नाही, त्यांनी मला लेकीसारखं ठेवलं. पण तिथं मी सोफ्यावर बसून कुत्र्यांची वाट बघायचे. इथं माझी वाट बघतात. हे बोलताना तिचे डोळे भरले. "तुला इथं राहायचं असेल तर राहा. नसेल तर जा. पण मध्ये कुणाला घालू नकोस आता."

निमिषनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणणार, आईला विचारून सांगतो. मी 'हो, विचार' असं ओठांवर आणून बसलो होतो.

तो म्हणाला, "इथं इंटरनेट कसं आहे?"

ती रडता रडता हसली. बरं आहे म्हणाली, वीज जाते अधूनमधून. तो म्हणाला, चालेल.

झालं. आमच्या सात पिढ्यांत घरजावई कुणी झालेला नाही, आणि तो झाला एका इंटरनेटच्या चौकशीवर. माझं डोकं फिरलं. पण मी काही बोललो नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. नाथाजीराव माझ्यासारखेच लालबुंद झालेले. गावात जावई येऊन राहणार हे त्यांना तरी कुठं मानवणार? आम्ही दोघं एकमेकांकडं बघून चहा प्यालो. तेवढ्यात दारात एक मेंढपाळ येऊन कानडीत काहीतरी ओरडला. अपूर्वानं डोळे पुसले, किल्ली घेतली. निमिषनं न सांगता बर्फाची पेटी उचलली आणि दुचाकीवर तिच्या मागं बसला. पेटी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून. जाताना मला म्हणाला, मामा, आईला सांगाल ना?

मी एकटा परत निघालो. वाटेत तीन वेळा आक्काचा फोन आला, मी उचलला नाही. गाडी चालवताना मी उचलत नाही. कसं सांगायचं ते मनात जुळवत होतो. कमी जास्त करून, गोड करून. अपूर्वाचं काम, जनावरांची सेवा, मुलगा सुखात आहे. सगळं पाठ केलं. चारुशीलाकाकू दारात असतील तर त्यांना काय ऐकवायचं, तेही पाठ केलं.

आक्का फाटकात उभी होती. हातात ताट, ताटात भाकरीचा तुकडा आणि तांब्या, सुनेवरनं ओवाळून टाकायला. केसांत गजरा माळलेला, कित्येक वर्षांनी. मी गाडी थांबवली. तिनं मागच्या सीटकडं बघितलं. मग पुढच्या सीटकडं बघितलं. मग पुन्हा मागच्या.

मी सांगितलं. पाठ केलेलं काही आठवलं नाही, जे झालं ते सांगितलं. अपूर्वा तिथं काम करतेय. निमिष तिथं राहिलाय. दोघं ठीक आहेत. कधी येतील, असं तिनं विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला 'येतील' म्हणवेना.

ताट तिच्या हातात तसंच होतं. "ती येईपर्यंत म्हणून मी थांबले होते," आक्का म्हणाली. "आता कुणासाठी थांबायचं, तेवढं सांग."

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. चौघांचा स्वयंपाक होता. आम्ही दोघं जेवलो, आणि उरलेलं तिनं झाकून ठेवलं.